स्क्रूची डबी

लॅपटॉप उघडला, जागा झाला, आणि चष्मेवाल्यांच्या बायकोने पहिलं अक्षर टाइप करायच्या आत पुन्हा झोपी गेला. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

"तुमचं ते लिनक्स आतल्या खोलीत शहाण्यासारखं वागतं," ती म्हणाली. "मी आता तिथेच बसत जाईन. भाषांतर परवा द्यायचंय." आणि लॅपटॉप तसाच टाकून ती आत जागा करायला गेली.

चष्मेवाल्यांचं तोंड उतरलं. एकतीस वर्षं त्यांनी चष्म्यांच्या दुकानात काढली. दुकान विकल्यापासून कुठे दोघं एका टेबलाशी बसू लागली होती, ती तिची भाषांतरं घेऊन आणि हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मोडके चष्मे घेऊन. हे सुख त्यांना इतक्यात घालवायचं नव्हतं. शिवाय तिच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स हौसेने घालून दिलं होतं तेही त्यांनीच.

आठवडाभर ज्याने जी सांगितली ती सेटिंग त्यांनी बदलून पाहिली होती. काल तर आतल्या खोलीत बसून लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, कागदावर उतरवून घेतला. दर वेळी तीच नोंद. झाकण उघडलं. झाकण मिटलं. आता झाकण तर त्यांच्या डोळ्यांदेखत सताड उघडं होतं.

रिकाम्या हातांनी विचार करायची त्यांना सवय नव्हती. शेजारणीच्या चष्म्याची दांडी बसवायला घेतली आणि लॅपटॉपला खेटून ठेवलेली स्क्रूची डबी पुढे ओढली. पडदा उजळला.

डबी मागे सरकवली. अंधार. पुन्हा ओढली. उजेड.

डबीच्या बुडाला लोहचुंबक होतं, इवले स्क्रू सांडू नयेत म्हणून त्यांनीच चिकटवलेलं. आणि झाकण मिटल्याचं लॅपटॉपला कळतं तेही झाकणातल्या तसल्याच एका चुंबकावरून. काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही जन्मभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून झटलेल्या माणसाने घातलेला. ते एकटेच हसत बसले.

मग तिला हाक मारून त्यांनी सगळं कबूल केलं. तिने स्वतः डबी मागेपुढे करून खात्री करून घेतली.

"म्हणजे लिनक्स निर्दोष?"

"निर्दोष. आरोपी मी."

डबीची रवानगी आतल्या खोलीच्या खिडकीत झाली. तासाभरात चष्मेवाले चार वेळा आत जाऊन आले. परत येताना दारातून टेबल दिसायचं, टेबलाशी वाकून बसलेली ती दिसायची.

"अहो, टेबलाच्या त्या टोकाला ठेवली तरी चालेल की," पडद्यावरून नजर न हलवता ती म्हणाली.

"नको. उगाच परीक्षा कशाला."

हातातल्या चष्म्याला दोन स्क्रू हवे होते. ते उठून आत गेले आणि एकच घेऊन आले.