वही घेऊन ये

दारावर टकटक झाली आणि मदतनीस क्लेमने डोकं आत घातलं. “लिओ, कोचनी बोलावलंय. वही घेऊन ये.”

अमेरिकन फुटबॉलच्या सराव-छावणीत या शेवटच्या तीन शब्दांना भलेभले टरकून असत. रोज संध्याकाळी कोच फळ्यावर नवी चाल काढत आणि प्रत्येक खेळाडू ती आपल्या वहीत उतरवून घेई. वही परत मागितली की समजायचं, संघातून नाव कटलं. सामान बांधा.

लिओ ड्राबेक चक्रावला. अकरा हंगाम तो पुढच्या फळीत धडका देत-घेत आला होता. हंगाम संपला की पोलादाच्या भट्टीवर राबायचं, उन्हाळा सरता सरता पुन्हा हेल्मेट चढवायचं. कालच तर त्याने दोन तरण्याबांड पोरांना लोळवलं होतं. बारावा हंगाम खेळणारच, असं बायकोला छातीठोकपणे सांगून तो आला होता. त्याने खोलीतल्या जोडीदाराकडे पाहिलं. वेंडेल भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपेचं सोंग त्याला कधीच जमत नसे.

लिओने कोचच्या टेबलावर वही आपटली. “माझी एक चूक दाखवा, कोच. एक.”

“मैदानावर एकही नाही.” कोचनी वही उघडली. “हे अक्षर कुणाचं?”

“माझंच.”

कोच पानं उलटत गेले. सोमवार, मंगळवार, बुधवार. पानोपानी तीच एक चाल. वेंडेलने चावटपणा केला असेल, असं लिओच्या मनात आलं. पण अक्षर त्याचंच होतं.

“मग मी खेळतो कसा?”

“दर वेळी वेंडेल तुझ्या कानात सांगतो. उजवीकडे, डावीकडे. काल माझ्यापाशी येऊन रडला. परवा डोक्याला मार बसल्यावर तू त्याला त्याचंच नाव विचारलंस म्हणे.” कोचनी वही मिटली. “पुरे झालं रे आता. घरी जा.”

त्यांनी वही खणात टाकली. लिओला आधी संताप आला, मग भीती वाटली. तो बाहेर पडला. व्हरांड्यात क्लेमने निरोपाचा हात पुढे केला. लिओने तो धरला आणि बराच वेळ क्लेमकडे नुसता बघत राहिला.

कोचचं दार पुन्हा उघडलं.

“बोलावलंत, कोच?” खिसे चाचपत लिओ ओशाळं हसला. “वही आणायची होती ना? कुठे ठेवली, सापडतच नाहीये बघा.”