शेपूट तुटलेले शब्द

"परत वाच," बाई म्हणाल्या. "आणि शेपूट सोडू नकोस."

मुंगीने पुस्तक नाकासमोर धरलं आणि परत वाचलं. बोका भिंतीवर चढ... मांजर खाली बस... पिल्लू दारात थांब... प्रत्येक वाक्याची सुरुवात ठणठणीत आणि शेवट गायब.

बाईंनी कपाळ चोळलं. शाळा सुटली होती. पहिलीच्या वर्गात आता त्या दोघीच उरल्या होत्या, आणि डोक्यावर खडखडणारा पंखा.

"इकडे बघ. बोक्याने काय केलं?"

मुंगीने मान वर केली. "चढला."

"आणि मांजर?"

"बसली."

"पिल्लू?"

"थांबलं."

"येतंय की सगळं! मग वाचताना कुठे जातं गं?"

मुंगीने खांदे उडवले. अंगाने एवढीशी आणि चालताना पावलाचा आवाज नाही, म्हणून वर्गाने तिला मुंगी करून टाकलं होतं. बाईही तेच म्हणत.

शब्दाला शेपूट असतं, हे बाईंचं जुनं हुकमी अस्त्र. फळ्यावर 'घर' लिहायचं आणि त्याला एकेक शेपूट लावत जायचं. घरात, घरातून, घराला, घराशी. शेपूट बदललं की घर तेच, पण गोष्ट वेगळी. 'आला'चं 'आली' केलं की दारातला माणूसच बदलतो. मुलं खिदळत शिकायची. सहामाहीपर्यंत सगळा वर्ग शेपट्या हलवायला लागायचा. किती वर्गांचा हात धरून त्यांनी असं वाचायला लावलं होतं.

या वर्षी मात्र घोडं अडलं होतं. एकटी मुंगी नाही, अख्खा वर्ग शेवट खात होता. मागच्या बाकांवर तर फारच. एकेकाला पुढे बोलावलं, समोर उभं केलं, की सुधारत. जागेवर गेले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बाई तीच ती वाक्यं घोकून घेत आणि संध्याकाळी घशाला कोरड घेऊन घरी जात.

"या वर्षीची पोरं अर्धं बोलतात, अर्धं गिळतात," त्या शिक्षकखोलीत म्हणाल्या.

"माझ्याकडे नाही बाई तसं काही," दुसरीच्या बाई वही तपासता तपासता म्हणाल्या.

"तुझ्याकडे माझ्या हातून तयार झालेली येतात. तुला काय त्याचं!"

घरीही तेच. नवरा पेपरमागून काहीतरी पुटपुटला.

"अहो, शब्द पुरता बोलत जा. तुम्हालाही लागण झाली का?"

त्याने पेपर खाली घेतला. मग म्हणाला, "दमलीस तू. रजा टाक चार दिवस."

रजा कुठली? वर्ष संपत आलं होतं. मुंगीला दुसरीत पाठवायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. कच्च्या पायावर पुढची भिंत उभी करायची कशी?

मुंगीची आई धावत आली. शिवणकाम टाकून आली होती, बाहीला दोरे चिकटलेले.

"बाई, घरी छान वाचते हो ती. माझं मशीन चालू असतं, तरी अक्षर न् अक्षर कळतं मला."

"पाठ असेल तिला."

"नवीन पुस्तक होतं."

"आईला सगळंच छान वाटतं," बाई थकून म्हणाल्या. "तिच्या भल्यासाठीच सांगतेय. एक वर्ष मागे राहिली तर काही बिघडत नाही."

आईचे डोळे भरले. "तिच्या मैत्रिणी पुढे जातील. ती काय समजेल? आपण ढ आहोत, असंच ना?"

आई तडक मुख्याध्यापिकांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका स्वतः वर्गात आल्या. बाकीची मुलं मैदानावर होती. त्यांनी मुंगीला खिडकीशी उभं केलं, हातात कधी न पाहिलेलं पुस्तक दिलं आणि स्वतः बाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

"वाच बाळा. घाबरायचं नाही."

मुंगीने पुस्तक तोंडासमोर धरलं. बाई कान देऊन ऐकू लागल्या. मनातून त्यांना वाटत होतं, आज तरी या पोरीने आपल्याला खोटं पाडावं. म्हातारी बाजारा... टोपली डोक्या... वाटेत एक कुत्र... पंखा खडखडत राहिला. पान संपलं.

बाईंनी सुस्कारा सोडला. "ऐकलंत ना? मला का हौस आहे पोरीला मागे ठेवायची? शेवट नाहीतच."

मुख्याध्यापिका मुंगीकडे बघत नव्हत्या, बाईंकडे बघत होत्या.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

मुंगी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. मग मुख्याध्यापिकांजवळ आली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मी पुस्तक खाली धरून वाचू का? तोंड दिसलं की बाईंना ऐकू येतं."