नवव्या दिवसाची चौकट

धाकट्याला पाच महिने अधूनमधून फिट येत होती. तपासण्यांत काहीच सापडेना. "मनाचं दिसतंय," म्हणत डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले, तशी ताईने टेबलावर कागद पसरला. ती पोस्टरं रंगवणारी चित्रकार. प्रत्येक दिवसाची तिने एक चौकट काढली होती, फिट आलेल्या दिवसाची लाल. सात-सात दिवसांच्या रांगा लावल्या तेव्हा लाल चौकटी विखुरलेल्या होत्या. नऊ-नऊच्या लावल्या, तर एकीखाली एक उभ्या राहिल्या. डॉक्टरांचं पेन थांबलं. "दर नवव्या दिवशी काय करतोस रे?" "कारखान्यात रसायनाची टाकी आतून धुवायची पाळी असते." ताईने शेवटच्या लालपासून पुढे मोजलं. "नववा दिवस आजच! तू इथं, मग टाकीत कोण?" धाकट्याने घाईघाईने कारखान्यातल्या जोडीदाराला फोन लावला. घंटा वाजत राहिली. शेवटी जोडीदाराने उचलला. "बोल पटकन, बूट चढवतोय." "उतरू नकोस!" धाकटा ओरडला.