शनिवारचा सौना

सौनाचं दार उघडलं आणि मिंतू आत आली. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट.

वाफेने तापलेल्या त्या लाकडी खोलीत वरच्या फळीवर तिची आई हेली आणि आजी इर्या उघड्या अंगाने, टॉवेल अंथरून बसल्या होत्या, दर शनिवारी बसतात तशा. मिंतू पानगळीपासून सौनात आली नव्हती. ती स्वतःच्या हातांना जखमा करून घेते, हे हेलीला तेव्हाच कळलं होतं. आजीला कुणी सांगितलं नव्हतं.

अशा मुलांचे आईवडील गुरुवारी चर्चच्या तळघरात जमतात. तिथली बाई हेलीला म्हणाली होती, "बोलावत राहा. आली की हाताकडे नको, तोंडाकडे बघा."

हेली तोंडाकडे बघत होती. भीती होती ती आजीची. सौनात अंगावर कपडा म्हणजे आजीच्या लेखी घाण. पोहायची चड्डी घालून आत आलेल्या जावयाला तिने लग्नाच्या आदल्या दिवशी बाहेर काढलं होतं.

"दार लाव आधी," आजी म्हणाली. "सगळी ऊब चालली."

मिंतूने दार लावलं, पण ती तिथेच उभी राहिली. आजी तिच्या बाह्यांकडे बघत होती.

"आई, राहू दे," हेली हळूच म्हणाली.

"मी काही बोलले का?"

आजी फळीवरून उतरली, मिंतूला बाजूला सारून बाहेर गेली.

"मी जाते," मिंतू म्हणाली.

"बस गं जरा."

मिंतूने कडीला हात घातला, तेवढ्यात दार बाहेरून उघडलं. आजीने आजोबांचा मासे धरायला जाताना घालायचा लोकरी स्वेटर घातला होता, हनुवटीपर्यंत.

"सरक," ती हेलीला म्हणाली. "आणि तू काय बघत राहिलीस? चढ वर."

"आजी, बटाट्यासारखी उकडशील!"

"बटाटा सालीसकटच उकडावा."

मिंतूला हसू आलं. ती दोघींच्या मध्ये बसली. आजीच्या नाकावरून घाम ठिबकत होता, पण स्वेटर तिने काढला नाही.

"दगडांवर पाणी टाका गं कुणीतरी," आजी म्हणाली.

मिंतूने बाही कोपरापर्यंत सारली आणि पळी उचलली. हेली तिच्या तोंडाकडेच बघत राहिली. तापल्या दगडांवर पाणी चरचरलं.

"अजून?" मिंतूने विचारलं.

"अजून," आजी स्वेटरच्या आतून म्हणाली.