काजळीचा स्वभाव

"अगं, चाबूक उचल!" मालक कठड्यावरून ओरडले. शर्यतीतल्या नऊ घोड्यांत त्यांची काजळी शेवटून पहिली धावत होती. आज ती पहिल्या तिनांत आली नाही, तर उद्या वरातीच्या घोडेवाल्याला विकली जाणार होती.

शेजारी मोतद्दार गुणाजी उभा होता. काळीभोर, कपाळावर चांदणी असलेली काजळी त्यानेच वाढवली होती. ती सुरुवातीला रेंगाळायची आणि शेवटच्या वळणावर मुसंडी मारायची. पण चाबकाचा फटका बसला की रुसून धावणंच सोडायची. नवख्या जॉकी शलाकाला त्याने हे दहादा समजावलं होतं.

वळण आलं. शलाकाचा चाबूक वर गेला.

"नको गं बाळे," गुणाजी पुटपुटला.

चाबूक हवेत थबकला, मग गवतात पडला. काजळीने कान टवकारले आणि ती सुटली. सातवी, पाचवी, चौथी... अंतिम रेषेवर ती तिसरी आली.

"चाबूक निसटला होय गं?" मालकांनी धापा टाकत विचारलं.

"नाही, टाकला," शलाका म्हणाली. "घोड्याला मागचंही दिसतं ना? माझा हात रिकामा आहे, हे तिला कळायला हवं होतं."