शेजाऱ्यांसारखं सगळं

शनिवारी दुपारी समोरच्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला, तशी उज्वला हातातलं लाटणं ठेवून बाहेर डोकावली.

शेजारची रेश्मा जिना उतरत होती. मोरपंखी साडी, खांद्याला छोटी पिशवी. मागून तिचा नवरा विनीत, दोन्ही हातांत दोन हेल्मेट.

"आज कुठे?" उज्वलाने विचारलं.

"पुण्याला, ताई. संध्याकाळी नाटक आहे. वरंध घाटाने बाइकवरूनच जातोय. मावशीकडे राहून उद्या परत."

"मजा आहे बाई तुमची."

रेश्मा नुसतीच हसली.

उज्वला आत आली. तिचा नवरा सुहास नाते गावच्या शाळेत मास्तर. सकाळची शाळा उरकून, जेवून, तोंडावर पेपर घेऊन तो आडवा झाला होता. पेपर श्वासाबरोबर वरखाली होत होता. ती बराच वेळ त्या पेपराकडे बघत राहिली.

दिवाळीपर्यंत असं नव्हतं. विनीत-रेश्माची भांडणं भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू यायची. उज्वला टीव्हीचा आवाज वाढवायची, नाहीतर वाटीभर भाजी घेऊन रेश्माकडे जायची आणि धीराचे दोन शब्द सांगायची. अशा वेळी तिला आपला संसार फार बरा वाटे.

मग नोव्हेंबर संपता संपता ती भांडणं एकदम थांबली आणि भटकंती सुरू झाली. कधी वीर स्टेशनवरून गाडी धरून दादरला नाटक. कधी पोलादपूरवरून महाबळेश्वर. कधी हरिहरेश्वर, कधी ठाण्याला गाण्याची मैफल. रविवारी सकाळी उज्वला पहिल्यांदा रेश्माचं स्टेटस बघायची. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर एकटी रेश्मा. पुढच्या फोटोत कणीस खाणारा एकटा विनीत. एकमेकांचे फोटो काढण्यातून यांना फुरसत मिळत नाही, असं मनाशी म्हणत ती फोन पालथा ठेवायची.

खरी आग लागली ती एका रविवारी. विरजण मागायला ती त्यांच्याकडे गेली, तर ओट्याशी विनीत उभा. रेश्मा स्टुलावर बसून नुसती सांगत होती. बांगड्याचं कालवण चाललं होतं.

"आमसुलं किती?" विनीतने विचारलं.

"चार. आणि शेवटी टाकायची. नीट लक्षात ठेव."

विनीतने ओले हात पुसले आणि ते वहीत लिहून घेतलं.

विरजणाची वाटी घेऊन उज्वला घरी आली. सुहासने चहा मागितला. तिने कप इतक्या जोरात ठेवला की बशीत चहा सांडला.

"काय झालं?"

"तिचा नवरा मासे साफ करून देतो. कालवण शिकतो. वहीत लिहून घेतो."

"मग मी काय करू ते सांग."

"सांगून केलं तर काय उपयोग?"

सुहासने तरीही प्रयत्न केला. मे महिन्यात महाडला ऑर्केस्ट्रा आला, त्याची दोन तिकिटं आणली. उज्वलाने नवी साडी नेसली. तिसऱ्या गाण्याला सुहासची मान तिच्या खांद्यावर पडली. पुढच्या रांगेत विनीत रेश्माच्या कानाशी काहीतरी सांगत होता आणि ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. उज्वलाला एकही गाणं धड ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती पोलादपूरला आईकडे गेली.

"काय झाला गो?" सुंदराबाईने विचारलं. "मारलान काय त्यानं?"

"नाही."

"दारू पितो?"

"नाही गं आई. मला कुठे नेत नाहीत ते."

सुंदराबाई तिच्याकडे बघत राहिली. "तुझ्या बापानं मला येकदा वीस मार्चला महाडच्या तळ्यावर न्हेलान. तेवढ्यावर मी चाळीस वर्सं काढली. तुला काय कमी हाय?"

आईला रेश्मा कुठे माहीत होती?

दोन दिवसांनी संध्याकाळी सुहासचा फोन आला. तेवढे दिवस तो शेजारच्या खानावळीत जेवत होता. "कधी येतेस?"

"विनीतभाऊ करतात तसं सगळं तुम्ही करणार असाल, तर येते."

"सगळं?"

"सगळं. एकही गोष्ट सोडायची नाही."

"बरं. त्यालाच विचारतो."

गुरुवारी सकाळच्या एसटीने तो आला. त्याला अंगणात बघून उज्वलाला आपण जिंकल्यासारखं वाटलं. अखेर रेश्माच्या दारात जाऊन हा माणूस शिकून आला होता. सुंदराबाई चहा टाकायला आत गेली. सुहास पडवीत बसला, तांब्याभर पाणी प्यायला.

"विचारलंत?"

"विचारलं. काल तासभर बसलो होतो. दोघंही होती घरात."

"मग? काय म्हणाले?"

"आधी टाळत होते. मी फारच मागे लागलो, तेव्हा सांगितलं." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून सरळ केला. "तू म्हणालीस एकही गोष्ट सोडायची नाही, म्हणून लिहून घेतलं."

उज्वला पुढे सरकली. कागदावर सगळ्यात वर एक नाव आणि फोन नंबर होता.

"हा वकिलाचा नंबर," सुहास म्हणाला. "दोघांनी मिळून अर्ज करायचा. मग कोर्ट सहा महिने थांबायला लावतं. तेवढ्या दिवसांत भांडायचं नाही, एकत्र जायचं राहून गेलं असेल तिथे जाऊन यायचं, आणि एकट्यापुरतं रांधायला शिकून घ्यायचं. येत्या सोमवारी त्यांचा घटस्फोट आहे."