तंबाखूनं चोळलेली काच

“अहो, हाताला तंबाखूचा वास कसला?” टॉवेल देतानाच मी विचारलं. जबड्याच्या ऑपरेशननंतर लेकीच्या डोक्यावर हात ठेवून यांनी तंबाखू सोडली होती.

“कुंभार्ली घाटात वायपर बंद पडला. वाटेत चिटपाखरू नाही, आणि पाऊस असा की पुढचा रस्ता दिसेना. शेवटी ओल्या तंबाखूनं काच चोळली. जुने ड्रायव्हर तेच करतात, मग काचेवर पाणी ठरत नाही.”

यांच्या थापा ऐकून ऐकून माझे कान किटलेत. तांब्या भरून मी तडक अंगणात गेले आणि गाडीच्या काचेवर ओतला. डावीकडे थेंब गोचिडांसारखे चिकटून बसले. ड्रायव्हरच्या बाजूनं मात्र पाणी सरळ ओघळून गेलं, काच लख्ख.

“बघितलंस? विश्वास म्हणून नाही तुझा!” हे मागून गुरकावले.

मी ओशाळले. उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर. चहा टाकायला म्हणून वळले आणि पायरीवरच थबकले.

“पण अहो, चिटपाखरू नसलेल्या घाटात तंबाखू आली कुठून?”

यांचा हात आपसूक शर्टाच्या खिशावर गेला.